बंद कप्प्यात आउटबोर्ड मोटर चालवताना: इंजिनाचा श्वास आणि माणसांचा श्वास

विचारलेला प्रश्न असा आहे. एका गृहस्थांनी गेल्या मोसमात चोवीस फुटी जुनी शिडाची बोट विकत घेतली. तिची ९.९ अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर नेहमीप्रमाणे ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर, बाहेर टांगलेली नाही. ती कॉकपिटच्या (सुकाणू धरणारा बसतो त्या उघड्या जागेच्या) मागे, डेकखालच्या एका कप्प्यात बसवलेली आहे. कप्प्याच्या तळाला मोटरचा पाय पाण्यात उतरावा एवढे भोक आहे आणि वर बिजागरीचे झाकण आहे. झाकण उघडे असले की मोटर तासभर बिनतक्रार चालते. झाकण लावून मंद गतीवर ठेवली की पाच-सहा मिनिटांत अडखळू लागते आणि बंद पडते. गेटवेसमोर मूरिंग (बोट बांधायचा पाण्यातला बोया) धरताना असे दोनदा झाले. दोन मेकॅनिकांनी कार्ब्युरेटर साफ करून, प्लग बदलून पाहिले. फरक पडला नाही. आवाज कमी व्हावा म्हणून झाकण लावूनच मोटर चालवण्याची त्यांची इच्छा आहे. त्यासाठी बाहेरची हवा एखाद्या नळीने थेट कार्ब्युरेटरपाशी आणावी, की कप्प्यात संगणकातला छोटा पंखा बसवावा, असे त्यांनी विचारले आहे. जाता जाता त्यांनी असेही लिहिले आहे की, कप्प्याला लागून केबिनमध्ये जो बर्थ आहे त्यावर त्यांची दोन मुले झोपतात. माझ्या दृष्टीने प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे आणि उत्तराचा बराचसा भाग त्याभोवतीच फिरणार आहे.

मुंबई बंदरातील लहान बोटींची इंजिने दुरुस्त करण्यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेली आहेत, आणि अशा कप्प्यातल्या मोटरी मी अनेक पाहिल्या आहेत. आपल्या मोटरमध्ये बहुधा काहीही बिघाड नाही. ती स्वतःचाच धूर परत ओढून गुदमरते आहे. कार्ब्युरेटर कितीही वेळा उघडला तरी हा दोष सापडणार नाही, कारण तो मोटरमध्ये नसून ती जिथे ठेवली आहे त्या जागेत आहे.

हे कसे घडते ते आधी पाहू. आउटबोर्डचा धूर पायातून खाली उतरतो आणि बहुतेक मोटरींमध्ये पंख्याच्या, म्हणजे बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरच्या, मधल्या पोकळ भागातून पाण्याखाली बाहेर पडतो. बोट वेगात असताना हा मार्ग उत्तम चालतो, कारण पंख्यामागे पाण्याचा दाब कमी होतो आणि धूर मागे ओढला जाऊन तिथेच सुटतो. मंद गतीवर मात्र धुराला पाण्याचा तेवढा दाब सारून बाहेर पडण्याचे बळ नसते. म्हणून पायाच्या वरच्या भागात, पाण्याच्या पातळीच्या वर, एक लहान वाट ठेवलेली असते आणि मंद गतीवरील बराचसा धूर तिथून फुसफुसत बाहेर येतो. ट्रान्समवरील मोटरीच्या मागच्या बाजूने थोडा धूर आणि पाण्याचे तुषार येताना आपण पाहिले असतील, ती हीच वाट. बाहेर टांगलेल्या मोटरीत हा धूर वाऱ्यावर जातो. आपल्या बोटीत हे छिद्र कप्प्याच्या आत उघडते. शिवाय बोट उभी असताना किंवा रिव्हर्स घेताना पंख्यातून सुटलेले बुडबुडेही तळाच्या भोकातून वर येऊन कप्प्यातच फुटतात. मोटरीच्या टोपीला हवा घेण्याचे तोंड असते, तेही त्याच कप्प्यात.

आता थोडा हिशोब करू. या आकाराच्या फोर-स्ट्रोक मोटरी साधारण २१२ घनसेंटिमीटरच्या असतात. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेते, म्हणजे फेरीमागे १०६ घनसेंटिमीटर. मिनिटाला ५,००० फेऱ्या धरल्या तर ५३० लिटर होतात. सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाही हे लक्षात घेऊन सव्वाचारशे लिटर धरू. आपण दिलेली मापे, म्हणजे ८० सेंटिमीटर उंच, ६० रुंद आणि ५० लांब, गुणली की कप्पा २४० लिटरचा येतो. मोटरीने अडवलेली जागा वजा करता त्यात जेमतेम २०० लिटर हवा मावते. पूर्ण गतीवर मोटर एवढी हवा अर्ध्या मिनिटात संपवते. मंद गतीवर थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने ती मिनिटाला तीसेक लिटरच घेते, आणि २०० लिटर संपायला सहा-सात मिनिटे लागतात. हिशोब ढोबळ आहे, कारण धूर आणि हवा एकमेकांत मिसळत असतात आणि फटींतून थोडी ताजी हवाही येत असते. तरीही आपण सांगितलेल्या पाच-सहा मिनिटांच्या इतक्या जवळ तो जातो की मला दुसरे कारण शोधावेसे वाटत नाही.

आत घेतलेल्या हवेत दहा टक्के धूर मिसळला, तर प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १९ च्या आसपास येते. कार्ब्युरेटरला हवेचा प्रवाह तेवढा कळतो, त्यातला प्राणवायू किती हे त्याला कळत नाही. तो पेट्रोल पूर्वीइतकेच सोडतो, म्हणून मिश्रण गरजेपेक्षा श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते, जळण अर्धवट होते, प्लग काळे पडतात, आणि अर्धवट जळणामुळे धुरातील कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हाच धूर पुन्हा आत जातो. म्हणजे हे चक्र प्रत्येक फेरीला आणखी बिघडते. ईएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारी, मोटर घेतली तर हा प्रश्न सुटेल अशी काहींची समजूत असते. बहुतेक लहान ईएफआय मोटरी हवेचा दाब आणि तापमान मोजून पेट्रोल ठरवतात, प्राणवायू मोजत नाहीत, त्यामुळे त्याही अशाच फसतात. उष्णतेचाही वाटा असतो. ३२ अंशांची हवा बंद कप्प्यात ६० अंशांना पोहोचली तर ती सुमारे आठ टक्के विरळ होते आणि तेवढी ताकद कमी होते. पण ते नुकसान दुय्यम आहे. निव्वळ उष्णतेने मोटर सहा मिनिटांत बंद पडत नाही.

आता आपल्या नळीच्या कल्पनेकडे येतो. ती चालेल. कप्प्याबाहेरील स्वच्छ हवा ७५ मिलिमीटरच्या लवचिक नळीने मोटरीच्या टोपीतील तोंडापर्यंत आणली तर पूर्ण गतीवरही नळीत हवेचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आत राहतो, अडथळा नगण्य असतो आणि मोटर झाकण लावूनही खुशाल चालेल. आणि नेमके म्हणूनच, नुसती नळी बसवू नका असे मी आपल्याला आग्रहाने सांगतो. आज आपली मोटर बंद पडते ती कप्पा धुराने भरल्यामुळे; ते बंद पडणे ही आपल्याला मिळणारी एकमेव सूचना आहे. नळी लावल्यावर मोटर गुदमरणार नाही, पण कप्पा पूर्वीसारखाच धुराने भरेल, आणि आता तो सहा मिनिटे नव्हे तर तासभर भरत राहील. तो धूर पलीकडच्या बर्थवर जाईल.

हे मी ऐकीव सांगत नाही. नव्वदच्या दशकात एका ग्राहकाच्या बोटीवर मी स्वतः हेच केले होते. ऐटीत नळी बसवली, मोटर सुरेख चालली, मालक खूश झाला. पुढच्या रविवारी आम्ही मांडव्याला निघालो. वारा नव्हता, म्हणून सगळी वाट मोटरवर काढायची होती. आमच्यातला एक तरुण जेवणानंतर मागच्या बर्थवर आडवा झाला. तासाभराने डोके दुखते म्हणाला, मग ओकला. बोट लागली असे म्हणून आम्ही त्याला लिंबू दिले आणि झोपून राहायला सांगितले, म्हणजे जिथे विष होते तिथेच परत धाडले. तो उठून पायऱ्या चढू लागला आणि त्याचे गुडघे दुमडले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोटर बंद केली, त्याला पुढच्या डेकवर उघड्यावर नेऊन बसवले. संध्याकाळपर्यंत तो सावरला. बल्कहेडमध्ये, म्हणजे कप्पा आणि केबिन यांच्यामधील भिंतीत, कंट्रोल केबल आणि पेट्रोलची नळी जाण्यासाठी केलेली दोन भोके होती, दोन्ही अंगठा जाईल एवढी. कप्प्यातली हवा तिथून थेट बर्थच्या उशाशी येत होती. दुसऱ्या दिवशी ती नळी मी स्वतः काढून टाकली.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल सर्वांना जुजबी माहिती असते, पण बोटीवर उपयोगी पडतील अशा दोन-तीन गोष्टी स्पष्ट सांगतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, म्हणून हवेत तो थोडा असला तरी शरीरात साठत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराला जो वास येतो तो इतर घटकांचा असतो, आणि पाण्यातून गाळून आलेल्या धुराला तो वासही बेताचाच उरतो. हवेत याचे प्रमाण दशलक्षात १,६०० भाग झाले तर वीसेक मिनिटांत डोकेदुखी आणि मळमळ सुरू होते आणि एक-दोन तासांत जीव जाऊ शकतो. आउटबोर्डच्या धुरात, त्यावर विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसल्यामुळे, हे प्रमाण काही टक्के असते. आणि एक टक्का म्हणजे दशलक्षात १०,००० भाग. लक्षणे बोट लागल्यासारखीच असतात: डोके जड होणे, मळमळ, गरगरणे, सुस्ती. मोकळ्या हवेत दोन्ही प्रकारांत बरे वाटते, म्हणून तेवढ्यावरून फरक ओळखता येत नाही. मी माझ्यापुरता नियम ठेवला आहे की मोटर चालू असताना कोणाचे डोके दुखले तर तो धूरच आहे असे धरायचे, मोटर बंद करायची आणि सर्वांना वर आणायचे. करोनानंतर घराघरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहेत आणि ते बोटीवरही येतात. इथे त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त आणि प्राणवायू असलेले रक्त यांतला फरक कळत नाही, आणि गंभीर विषबाधेतही ते ९८ दाखवू शकते. माणूस गोंधळलेला किंवा बेशुद्ध असेल तर व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर मदत मागा, किनाऱ्याजवळ असाल तर १०८ ला कळवा, आणि धूर लागला आहे हे स्पष्ट सांगा, म्हणजे पोहोचताक्षणी प्राणवायू लावला जाईल. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर हा वेळ दीड तासाच्या आत येतो.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा: आधी कप्पा आणि केबिन यांच्यामधील भिंत बंद, मग धूर बाहेर, आणि सर्वांत शेवटी मोटरीला ताजी हवा.

भिंत तपासण्याची सोपी रीत सांगतो. अंधार पडल्यावर कप्प्यात एक झगझगीत टॉर्च ठेवा, झाकण लावा, केबिनमधले दिवे मालवा आणि बर्थच्या कोपऱ्यात डोके घालून पाहा. जिथून उजेड दिसेल तिथून धूर येतो. टॉर्च आत ठेवण्यापूर्वी पेट्रोलची टाकी बाहेर काढा आणि झाकण उघडे ठेवून कप्पा चांगला वारवून घ्या. काही जण यासाठी उदबत्ती पेटवून आत ठेवतात, तो वेडेपणा करू नये. केबलींच्या भोकांना केबलीभोवती घट्ट बसणाऱ्या रबरी कड्या आणि मरीन सीलंट लावा. बोटीच्या अगदी तळाशी बिल्जचे, म्हणजे तळात साठणारे, पाणी वाहून जावे म्हणून बल्कहेडला खाचा ठेवलेल्या असतात, त्या लोक हमखास विसरतात. आपल्या बोटीत तशी खाच असेल तर ती कायमची बंद करा, आणि कप्प्यात पाणी साठत असेल तर त्याचा निचरा थेट बाहेर काढा.

धूर बाहेर काढण्याच्या तीन रीती मी वापरल्या आहेत. पहिली म्हणजे मंद गतीच्या त्या छिद्रावर घट्ट बसेल अशी स्टेनलेस स्टीलची किंवा फायबरची टोपी करून, तिला उष्णता सहन करणारी एक्झॉस्टची नळी जोडून ती ट्रान्समबाहेर सोडायची. नळीचा व्यास छिद्राच्या क्षेत्रफळापेक्षा कुठेही कमी नको, ती सतत बाहेरच्या दिशेला उतरती असावी, आणि मध्ये कुठे झोळ राहून पाणी साठता कामा नये. पाणी साठले तर धुराला अडथळा होतो आणि मोटर मंद गतीवर पुन्हा कुरकुरते. मोटर सुकाणूबरोबर वळवायची असेल किंवा उचलायची असेल तर ही रीत त्रासदायक ठरते, कारण नळी हलत्या भागाला जोडलेली असते. दुसरी रीत मला अधिक आवडते. मोटर ज्या फळीवर अडकवली आहे तिच्या थोडे खाली, छिद्राच्या वर, कप्प्यात आडवा पडदा घालायचा. सहा मिलिमीटर जाडीचे निओप्रीन रबर पायाच्या आकाराने कापून, दोन तुकड्यांत एकमेकांवर चढेल असे बसवले की कप्प्याचे दोन मजले होतात. वरच्या मजल्यावर मोटरीचे डोके आणि हवा घेण्याचे तोंड, खालच्यात धूर आणि पाणी. खालच्या मजल्याला ट्रान्सममधून सढळ भोक पाडले की धूर तिथून निघून जातो. पडद्याच्या कडा मात्र दर मोसमात तपासाव्या लागतात, कारण खारे पाणी आणि तेल रबराला लवकर खातात.

तिसरी रीत अगदी साधी आहे: कप्प्याचा बंदपणाच संपवायचा. पेट्रोल इंजिनाचा कप्पा खुला कधी मानावा यासाठी अमेरिकी तटरक्षक दलाच्या नियमात एक माप आहे. एक घनफूट जागेला १५ चौरस इंच उघडे क्षेत्र, म्हणजे लिटरमागे सुमारे ३.४ चौरस सेंटिमीटर. नियम पेट्रोलच्या वाफेसाठी आहे, पण मला तो धुरासाठीही अंदाजाला चांगला वाटतो. आपल्या २०० लिटरला ते ६८० चौरस सेंटिमीटर येते, म्हणजे २६ सेंटिमीटर बाजूचा एक चौकोन. एवढी जागा झाकणात आणि ट्रान्सममध्ये वाटून द्यायची आणि त्यावर पट्ट्यांची जाळी बसवायची. आवाज काही प्रमाणात बाहेर येणारच. पण फोर-स्ट्रोक मोटरीचा आवाज हा त्रास आहे, धोका नाही, आणि त्रासासाठी झाकणाच्या आतून ध्वनिशोषक फोम लावता येतो. तो मात्र बंद पेशींचा, पेट्रोल न पिणारा आणि सहज न पेटणारा असावा. गादीचा फोम लावलेली एक बोट मी पाहिली आहे. तो पिळल्यावर अक्षरशः पेट्रोल गळले.

पेट्रोलच्या वाफेचा विषय इथे आपोआप येतो, कारण आपण विचारलेल्या संगणकातल्या पंख्याचा प्रश्न त्यावरच ठरतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती कप्प्याच्या तळाशी बसते, आणि हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के झाले की ठिणगी पुरे. एरवी तळाच्या भोकातून ती बाहेर पडेल असे वाटते, पण तिथे पाणी असते आणि वाफ पाण्यावर तरंगत राहते. संगणकातील पंखा खाऱ्या हवेत महिनाभर टिकणार नाही, आणि पेट्रोलच्या वाफेत चालवण्यासाठी तो बनवलेलाही नसतो. पंखा बसवायचाच तर ठिणगी बाहेर पडू न देणारा, मरीन प्रकारचा १२ व्होल्टचा ब्लोअर घ्या. तीन इंची ब्लोअर कागदावर मिनिटाला साडेतीन हजार लिटर हवा हलवतो. नळी आणि वळणे धरून त्याच्या निम्मी हवा हलली तरी आपले काम भागते. तो कप्प्यात हवा ढकलणारा नको, कप्प्यातून ओढून बाहेर टाकणारा हवा. आत ढकलली तर कप्प्यात दाब वाढतो आणि राहिलेल्या प्रत्येक फटीतून धूर केबिनकडे जातो. बाहेर ओढली तर फटीतून हवा केबिनकडून कप्प्याकडे येते. ओढणाऱ्या नळीचे तोंड तळाजवळ, पण बोट कलली तरी पाण्यात बुडणार नाही एवढे वर ठेवावे. ब्लोअरचा बटण आणि बॅटरी दोन्ही कप्प्याबाहेर. मोटर सुरू करण्यापूर्वी तो चार मिनिटे चालू ठेवायचा, आणि तरीही झाकण उघडून नाकाने एकदा वास घ्यायचा, कारण पेट्रोलचा वास पकडण्यात नाकाइतके स्वस्त उपकरण नाही.

टाकी कप्प्यात ठेवू नका, एवढेच तिच्याबद्दल पुरे झाले असते. पण मुंबईचे ऊन लक्षात घेता एक गोष्ट सांगणे भाग आहे. हलवता येणारी प्लास्टिकची टाकी बंद झाकणाने उन्हात राहिली की फुगते. नळी मोटरीला जोडलेली असेल तर तो दाब पेट्रोलला कार्ब्युरेटरच्या सुईपलीकडे ढकलतो आणि ते कप्प्यात ओघळते. मोटर चालवताना टाकीचा हवेचा स्क्रू उघडा हवा, आणि बोट सोडून जाताना नळी मोटरीपासून काढलेली हवी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा रबरी फुगा त्याने मऊ पडतात, आतून सोलतात आणि घाम यावा तशा पाझरतात. उघड्या मोटरीत हा पाझर वाऱ्यावर उडून जातो, कप्प्यात तो साठतो. आपल्या बोटीवरील नळीवर इथेनॉल चालते असे लिहिलेले नसेल, तर ती या आठवड्यात बदला; बाकी कामे नंतर झाली तरी चालतील.

हे सर्व केल्यावर मोटरीला हवा देण्याचे काम उरते आणि ते सोपे आहे. आपली ७५ मिलिमीटरची नळी आता बिनधास्त बसवा. तिचे तोंड कॉकपिटच्या कडेला, लाटेचे पाणी येणार नाही अशा उंचीवर आणि धूर निघतो त्या भोकापासून शक्य तितके दूर असावे.

वाऱ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण कप्पा दुरुस्त झाला तरी धूर मागून कॉकपिटमध्ये येऊ शकतो, आणि आपल्या बंदरात तो कधी येतो हे सांगता येते. बोट पुढे जाताना केबिनच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि तो धूर पुढे ओढतो. दुपारी वायव्येचा खारा वारा धरतो तेव्हा मांडव्याकडे जाताना तो पाठीमागून लागतो. तो मंद असेल आणि आपण मोटरवर पाच नॉटने जात असाल, तर वारा आणि बोट एकाच वेगाने चालतात आणि बोटीवर हवा जवळजवळ स्तब्ध असते. धूर आपल्याबरोबर प्रवास करतो. अशा वेळी पुढचे हॅच (डेकवरचे झाकण) उघडून केबिनचे दार बंद ठेवावे, किंवा थोडा तिरका मार्ग धरून वारा बाजूने घ्यावा. दुसरी वेळ पहाटेची. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्व-ईशान्येकडून येतो. त्याच वेळी भरती चढत असेल तर मूरिंगवरील बोटी वाऱ्याकडे नव्हे तर प्रवाहाकडे, नैर्ऋत्येला, तोंड करून उभ्या राहतात आणि वारा थेट मागून येतो. बॅटरी चार्ज करायला अर्धा तास मोटर चालू ठेवायची आणि मुले आत झोपलेली, ही त्या घडीची नेहमीची सवय सर्वांत वाईट आहे. ती पूर्ण मोडा. वाऱ्याची दिशा दाखवायला शिडाला लोकरीचे धागे बांधतो, तसेच चार धागे कप्प्याच्या जाळीला आणि कॉकपिटच्या मागच्या कडेला बांधा. पहिल्याच फेरीत हवा कुठून कुठे जाते हे दिसेल. मोटर चालू असताना मागच्या शिडीला धरून कोणी पोहत असेल तर मोटर आधी बंद करावी, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या बंदराची आणखी एक देणगी म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या. पाण्याच्या तोंडावर पिशवी बसली की थंड करणारे पाणी थांबते. बाहेरच्या मोटरीत मागून पडणारी पाण्याची बारीक धार बंद झालेली लगेच दिसते. कप्प्यातल्या मोटरीत ती झाकणाखाली असते आणि मोटर तापून शिटी वाजेपर्यंत कळत नाही. ती धार एका पातळ नळीने बोटीच्या कडेतून बाहेर, सुकाणू धरणाऱ्याला दिसेल अशा जागी काढा. काम तासाभराचे आहे आणि मोटर वाचवते.

मोटर कप्प्यात न ठेवता ट्रान्समवर न्यावी का, असाही विचार आपल्या मनात येऊन गेला असेल. कप्प्यातल्या मोटरीचा प्रोपेलर लाटांत पाण्याबाहेर येत नाही, मोटर चोरीपासून सुरक्षित राहते आणि बोट दिसायलाही नीटनेटकी दिसते. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या महिन्यात बाहेरच्या उसळत्या पाण्यात ट्रान्समवरील मोटर दर लाटेला हवेत किंचाळते, ते आठवले की मूळ रचनाकाराचा हेतू पटतो. म्हणून मी आपल्याला मोटर हलवायला सांगणार नाही. विजेवर चालणारी आउटबोर्ड हा मात्र खरा पर्याय आहे. तिला हवा लागत नाही, धूर नसतो आणि वर सांगितलेले जवळजवळ सगळे काम वाचते. पण आपल्या बंदरात उधाणाच्या दिवसांत दोन-तीन नॉटचा प्रवाह असतो. एक किलोवॅटच्या मोटरीने चोवीस फुटी बोट त्याविरुद्ध गेटवेपर्यंत आणायची तर बॅटरी अर्ध्या वाटेत हात टेकते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच बाहेर पडणाऱ्याला ती परवडेल. रविवारी संध्याकाळी ठरलेल्या वेळी घरी परतायचे असणाऱ्याला तूर्त पेट्रोलच बरे.

सर्व काम झाल्यावर चाचणी घ्या आणि ती डोळ्यांनी नव्हे, मीटरने घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दाखवणारा, बॅटरीवरचा हातातला मीटर दोन-तीन हजार रुपयांपासून मिळतो. मूरिंगवर, झाकण लावून, मोटर मंद गतीवर वीस मिनिटे चालवा. मीटर मागच्या बर्थवर, झोपलेल्या माणसाचे नाक येते त्या उंचीवर ठेवा आणि स्वतः आत बसून न राहता दर पाच मिनिटांनी डोकावून आकडा पाहा. मग हीच चाचणी रिव्हर्समध्ये, नंतर वारा मागून घेऊन चालत्या बोटीत, आणि शेवटी पुढचे हॅच उघडून एकदा व बंद ठेवून एकदा करा. आकडा शून्याजवळ राहिला पाहिजे. तो दहा-वीसवर चढून तिथेच स्थिरावला तर अजून एखादी फट राहिली आहे असे समजून टॉर्च घेऊन पुन्हा शोधा. चाचणी पार पडल्यावर केबिनमध्ये कायमचा मरीन प्रकारचा अलार्म बसवा, कारण पडद्याचे रबर पुढच्या मोसमात फाटेल तेव्हा आपण मीटर घेऊन बसलेले नसाल. तोवर त्या बर्थवर शिडांच्या पिशव्या ठेवा आणि मुलांना पुढच्या केबिनमध्ये झोपवा.